पेट्रोल नाही, कारणे खालीलप्रमाणे

नीरजा बर्वे यांची स्कूटर आळंदी रस्त्यावर बंद पडली तेव्हा पेट्रोल पंप समोरच दिसत होता. त्या दिवशी नशिबाने त्यांना दिलेली तेवढीच सवलत. त्यांनी ओढणीला गाठ मारली, हेल्मेट आरशाला अडकवले आणि स्कूटर ढकलत पंपापाशी आणली. पंपाच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधलेली होती. दोरीबाहेर रांग होती. ती फुटपाथच्या कडेने पुढच्या चौकापर्यंत जाऊन उजवीकडे वळली होती आणि वळल्यावर तिचे काय झाले ते इथून दिसत नव्हते.

पावणेदहा वाजले होते. अकरा वाजता विश्रांतवाडीतल्या एका शाळेत निवडणुकीचे प्रशिक्षण होते. नीरजाबाई राहायला नारायण पेठेत; एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे अर्थशास्त्र शिकवत होत्या आणि निवृत्तीला सात महिने उरले होते. इतक्या वर्षांत निवडणुकीच्या कामाला त्या कधी गैरहजर राहिल्या नव्हत्या. यंदाच्या पत्रावर तर ठळक अक्षरांत छापले होते, की प्रशिक्षणाला न येणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई करण्यात येईल. निवृत्तीच्या तोंडावर कारवाई म्हणजे आपले कागद पुढची दोन वर्षे कुठल्यातरी टेबलावर धूळ खात पडणार, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्यांनी रिक्षा शोधली. गॅसवर चालणाऱ्या रिक्षा पेट्रोल संपलेल्यांनी सकाळीच पळवल्या होत्या. बस आली, पण दारात लोक लटकत असल्यामुळे थांबली नाही. शेवटी त्या दोरी ओलांडून पंपाच्या केबिनकडे गेल्या. केबिनची एक काच फुटली होती आणि तिथे पुठ्ठा लावला होता. आत पस्तिशीचा एक माणूस भर मार्च महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता.

"पेट्रोल कधी येणार?" नीरजाबाईंनी विचारले.

त्याने तोंड उघडले, पण आवाज आला नाही. घोटभर कोमट पाणी पिऊन तो पुन्हा बोलला, तेव्हा कढई खरवडल्यासारखे काहीतरी ऐकू आले. "नाही जी सांगता येत."

"आवाज कशानं बसला?"

"हेच सांगून सांगून. चार दिवसांपासून सांगून राह्यलो मॅडम. दिवसाला पाचशे लोकं येते अन् पाचशेच्या पाचशे विचारते."

त्याचे नाव बद्रीनाथ ढोले. यवतमाळकडचा, पुण्यात येऊन नऊ वर्षे झालेली, त्यांतली सहा याच पंपावर. मालक परदेशातल्या मुलाकडे गेले होते आणि जाताना पंप बद्रीनाथच्या हवाली करून गेले होते. चार दिवसांपूर्वी शेवटचा टँकर आला. त्यानंतर रोज कंपनीला फोन केला की रोज नवे उत्तर मिळे. एक दिवस टँकरचा चालक आजारी होता, दुसऱ्या दिवशी डेपोत दुरुस्ती होती, तिसऱ्या दिवशी फोनच कोणी उचलला नाही. लोकांना मात्र एकच उत्तर पटलेले होते, की मॅनेजरने माल दडवून ठेवला आहे. परवा काच फुटली. काल एका आडदांड गृहस्थांनी त्याची कॉलर धरली होती. आणि आज बारा वाजता पुरवठा खात्याचे निरीक्षक येणार होते, कारण कोणीतरी तक्रार केली होती.

"येऊ द्या की. टाकी रिकामी आहे ना? दाखवा त्यांना," नीरजाबाई म्हणाल्या.

"तेच तर आहे ना जी. टाकीत सापडलं तर साठेबाजी. नाही सापडलं तर काळा बाजार. दोन्हीकडून पंपाले सील अन् मले घरी."

नीरजाबाईंनी बाहेर पाहिले. पंपाच्या बरोबर समोर, चौकात, एक मोठा फलक लागला होता. त्यावर हात जोडलेला उमेदवार होता आणि खाली लिहिले होते, 'जगात महागाई, पण पेट्रोलचा भाव एका पैशानेही वाढू दिला नाही.' फलकाखालून रांग गेली होती.

"यांना खरं कारण का नाही लिहून लावत?"

"काय लिहू? मलेच कुठं समजते."

"मला समजतं," नीरजाबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्या वर्गाबाहेर प्रथमच म्हणत होत्या. बाजारातल्या भावापेक्षा कमी भाव सरकारने ठरवून दिला तर माल कुठे जातो, हा धडा त्या दरवर्षी शिकवत. दरवर्षी तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावर कोणीतरी डोके टेके आणि दहाव्या मिनिटाला पुढच्या बाकावरची मुलगी विचारी, की मॅडम, हे परीक्षेला येतं का. यंदा विचारणारीचे नाव अक्षता होते.

केबिनच्या मागे एक जुना काळा फळा होता. भाव आकड्यांच्या दिव्यांवर दिसू लागण्याआधी रोजचा दर त्यावर लिहीत असत. बद्रीनाथने तो पुसून भिंतीला टेकवला. नीरजाबाईंच्या पर्समध्ये खडू होते, ते सगळ्याच बायांच्या पर्समध्ये असतात अशी त्यांची समजूत होती. त्यांनी मथळा लिहिला, त्याखाली पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ मारली आणि पाच मिनिटांत फळा भरून टाकला.

'पेट्रोल नाही. कारणे खालीलप्रमाणे :

१. बाहेर कच्चे तेल महाग झाले आहे.

२. येथे विक्रीचा भाव बांधलेला आहे.

३. जो माल विकून तोटा होतो, तो कोणीही भरभरून विकत नाही. म्हणून टँकर येत नाही.

४. या पंपावर साठा लपवलेला नाही. टाकी रिकामी आहे. व्यवस्थापकास बोलू नये, त्यांचा घसा बसला आहे.

५. मतदान होईपर्यंत भाव सुटणार नाही. सुटेल तेव्हा पेट्रोल मिळेल व ते महाग मिळेल.

प्रश्न असल्यास हात वर करावा.'

शेवटची ओळ सवयीने लिहिली गेली होती. पण दोरीपाशी फळा ठेवल्यावर रांगेतल्या पहिल्या माणसाने तो वाचला, थोडा वेळ विचार केला आणि खरोखरच हात वर केला.

"विचारा," नीरजाबाई म्हणाल्या.

"म्हणजे भाव वाढला, तर पेट्रोल मिळेल?"

"मिळेल."

"मला वाटतं भाव वाढू नये. आणि मिळावंही असं वाटतं."

"सगळ्यांना तसंच वाटतं. फलकावरच्यांनाही ते माहीत आहे. म्हणून आपण रांगेत आहोत."

मागच्या एका बाईंनी हात वर केला. कंपनी सरकारची, भाव ठरवणारे सरकार, मग सरकार स्वतःचाच तोटा का करून घेते, असा त्यांचा प्रश्न होता. तोटा आज होतो पण दिसत नाही, भाववाढ मात्र पंपावर रोज दिसते आणि मतदान वीस दिवसांवर आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्या 'बरोबर' म्हणाल्या आणि ते मागच्यांना सांगायला निघून गेल्या. पाठोपाठ आणखी चार हात वर झाले. काहींनी गाड्या स्टँडवर लावल्या आणि पुढे येऊन उभे राहिले. जांभई कोणी दिली नाही. ज्याच्या टाकीत पेट्रोल नसते त्याचे लक्ष उडत नाही, हे शिक्षणशास्त्राने अजून नोंदवलेले नव्हते.

"मॅडम, तुम्ही इथे?" गर्दीतून एक मुलगी पुढे आली. अक्षताच होती. तिची मोपेड रांगेत एकशे बाराव्या नंबरवर होती, तिने मोजले होते. तिने फळा वाचला, परत वाचला आणि म्हणाली, "मॅडम, हे म्हणजे तो प्राइस वाला चॅप्टर ना? तुम्ही वर्गात असं का नाही सांगितलंत?"

"अगदी असंच सांगितलं होतं. तू वहीत फुलं काढत होतीस."

अक्षताने फळ्याचा फोटो काढला, त्यावर 'एकशे बारावी. किमान कारण तरी कळलं' असे लिहिले आणि मोबाईलवरच्या गटांत सोडून दिला. साडेदहापर्यंत तो विश्रांतवाडीत पोचला, अकरापर्यंत पिंपरीत. सव्वाअकराला तो नीरजाबाईंच्या स्वतःच्या सोसायटीच्या गटावर आला आणि खाली कोणीतरी लिहिले होते, हे अक्षर ओळखीचं वाटतंय.

त्याआधी, अकराला पाच कमी असताना, नीरजाबाईंनी प्रशिक्षण केंद्रावर फोन केला होता. गाडी बंद पडली आहे, पेट्रोल मिळत नाही, असे त्यांनी सांगितले. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "कारण लेखी द्या. पुराव्यासह." आणि फोन ठेवला. मग नीरजाबाईंना कोणीतरी विचारले की डिझेलचेही असेच आहे का, आणि त्या त्यात गुंतल्या.

साडेअकरा वाजता एक पांढरी गाडी दोरीपाशी येऊन थांबली. तिच्यात पेट्रोल होते, हेच सगळ्यांच्या सर्वांत आधी लक्षात आले. आतून उपरणे घातलेला एक तरणाबांड माणूस उतरला. चौकातल्या फलकावर, उमेदवाराच्या खाली लहान गोलात ज्यांचे चेहरे होते, त्यांतला उजवीकडून दुसरा तो. नाव संतोष, लोक संतोषभाऊ म्हणत.

"ओ मॅडम, हे काय लिहिलंय? काढा ते. आमची बदनामी करताय तुम्ही."

"यात चूक काय आहे ते सांगा, दुरुस्त करते."

संतोषभाऊंनी फळा वाचला. चूक सापडेना. "पण हे असं चव्हाट्यावर लिहायची काय गरज आहे? आम्ही लोकांसाठी भाव धरून ठेवलाय."

"भाव धरून ठेवलायत, हे खरंय," नीरजाबाई म्हणाल्या. "पेट्रोल मात्र हातून सुटलं."

रांगेत हशा पिकला. संतोषभाऊ तांबडे झाले. त्यांनी तिथल्या तिथे मोबाईल काढून निवडणूक कार्यालयाकडे तक्रार नोंदवली, आचारसंहितेच्या काळात आक्षेपार्ह फलक.

पाठोपाठ दुसऱ्या बाजूच्या सत्यशीलाताई आल्या. त्यांच्याबरोबर आठ कार्यकर्ते, एक ढोल आणि झेंडूचा हार होता. फळ्याने सत्ताधाऱ्यांचे पितळ उघडे पाडले असे त्यांनी सांगितले, फळ्याला हार घातला आणि नीरजाबाईंचा हात उंच धरून फोटो काढून घेतला. "आम्ही निवडून आलो, की याहून दहा रुपयांनी स्वस्त देऊ."

नीरजाबाईंनी हात सोडवून घेतला. "दहा रुपयांनी?"

"दहा. लेखी देतो."

"मग सध्या रांग चौकापर्यंत आहे, ती येरवड्यापर्यंत जाईल. तिसरा मुद्दा वाचा. आता भरलेला टँकर येत नाही, मग रिकामा टँकरसुद्धा येणार नाही."

सत्यशीलाताईंनी तिसरा मुद्दा वाचला. ढोलवाला वाजवायचा थांबला. फोटो तेवढ्यात पुढे गेला होता आणि आता तो परत घेता येत नव्हता.

पावणेबाराला भरारी पथक आले. जीपमधून व्हिडिओ काढणारा एकजण आणि त्याच्यामागून गोपाळकृष्ण देवधर नावाचे अधिकारी उतरले. सडसडीत, पन्नाशी उलटलेले, शर्टाच्या खिशात तीन पेने. त्यांनी आधी फळ्याचे माप घेतले.

"हा फलक आपण लिहिलात?"

"हो."

"आपल्या फलकामुळे एका पक्षाची बदनामी होते, अशी तक्रार आहे."

"कोणत्या पक्षाची?"

देवधरांनी कागद पाहिला. "तक्रारीत तसं नमूद नाही."

"मग आपण करा नमूद. फळ्यावर पक्ष नाही, चिन्ह नाही, उमेदवार नाही. 'भाव बांधलेला आहे' एवढंच लिहिलंय. कोणी बांधला, ते लिहिलेलं नाही. आपल्याला कोणी बांधलाय असं वाटतं ते पंचनाम्यात लिहा, मी खाली सही करते."

देवधरांनी पेनाचे टोपण काढले होते, ते परत लावले. सरकारी कागदावर स्वतःच्या हाताने असे काही लिहिले, तर पुढचे भरारी पथक आपल्याकडेच येईल, हे त्यांना दिसले. ते संतोषभाऊंकडे वळले.

"तक्रारदार आपण. आपणच सांगा, बदनामी कोणाची झाली?"

"आमची."

"म्हणजे भाव आपण बांधला?"

"अर्थात. समोर फलकावर लिहिलंच आहे."

"आणि त्यामुळे पेट्रोल मिळत नाही, असं आपलं म्हणणं?"

"असं मी कुठं म्हटलं?"

"फळ्यावर तसं म्हटलंय. ते आपल्याला उद्देशून आहे, असं आपण म्हणताय. तेव्हा एक तर बदनामी नाही, नाही तर आपलं म्हणणं तसं आहे. कोणतं लिहू?"

देवधरांनी 'तक्रारदारास अधिक काही सांगावयाचे नाही' असे लिहून घेतले. मग त्यांनी झेंडूचा हार काढायला लावला, कारण फळ्याला आक्षेप नसला तरी हार हा प्रचार होता, आणि हाराची लांबी पंचनाम्यात नोंदवली.

सगळे सुरळीत झाले असे वाटून नीरजाबाई म्हणाल्या, "आता माझंही एक काम करा. मला अकराला प्रशिक्षणाला जायचं होतं. मी इथे अडकले होते, असं लेखी द्या."

देवधरांचा चेहरा बदलला. "आपण निवडणूक कर्मचारी आहात?"

"हो."

"मग आपण हे लिहायलाच नको होतं." ते हळू बोलले, आणि ते खरोखर वाईट वाटून बोलत होते हे नीरजाबाईंना कळले. "मला आपलं नाव अहवालात घ्यावं लागेल. सोमवारी कार्यालयात या."

नीरजाबाई दोरीजवळच्या कठड्यावर बसल्या. एकतीस वर्षे कोणाच्या अध्यात न मध्यात, आणि शेवटच्या सात महिन्यांत हे. बद्रीनाथने कोमट पाण्याचा पेला आणून दिला. बोलता येत नसल्यामुळे तो नुसताच शेजारी उभा राहिला. एवढ्यात पुरवठा निरीक्षकांची गाडी आत शिरली.

निरीक्षकांनी फळ्याकडे ढुंकून पाहिले नाही. त्यांनी टाकीचे झाकण उघडायला लावले, मोजणीची काठी आत सोडली आणि बाहेर काढली. काठी कोरडी होती.

"रिकामी. म्हणजे माल बाहेर विकला."

बद्रीनाथने काही सांगायचा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली.

"बोलायलाही तोंड नाही," निरीक्षक म्हणाले आणि सीलचे सामान काढायला वळले. समोर रांगेतला पहिला माणूस हात वर करून उभा होता.

"काय आहे?"

"साहेब, चौथा मुद्दा वाचा. त्याआधी तिसरा वाचा, म्हणजे चौथा कळेल."

"तुम्ही कोण?"

"मी सकाळी सातपासून इथे आहे. तोट्यात माल कोण पाठवेल, साहेब? कंपनीनं चार दिवसांत एकही टँकर पाठवलेला नाही. याच्याकडे आलंच नाही, तर यानं विकलं काय?"

त्याच्यामागच्या बाईंनी हात वर केला. त्यांच्यामागे अक्षताने केला. बघता बघता चौकाच्या वळणापर्यंत हातच हात झाले, आणि वळणापलीकडच्या लोकांनी काही न कळता वर केले ते वेगळेच. मग गर्दीतून एक आडदांड गृहस्थ पुढे आले. बद्रीनाथ एक पाऊल मागे सरला, कारण काल कॉलर धरणारे ते हेच. ते त्याच्यासमोर उभे राहिले, दोन्ही हातांनी त्याची कॉलर नीट केली आणि निरीक्षकांना म्हणाले, "सील लावायचंच असेल, तर ज्या डेपोतून टँकर निघत नाही तिथे लावा. चला, आम्हीपण येतो दाखवायला."

देवधरांचा व्हिडिओवाला अजून चित्रण करत होता. ते पाहिल्यावर निरीक्षकांनी सामान पिशवीत ठेवले आणि पुरवठाच नसल्याने कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही, असा शेरा लिहिला. बद्रीनाथने तो शेरा तीनदा वाचला.

आता संतोषभाऊंचा मोबाईल सारखा वाजत होता. उमेदवार स्वतः बोलत होते. अडीचशे हात वर केलेली रांग आणि तिच्या डोक्यावर त्यांचा हसरा फलक, असा नवा फोटो त्यांच्यापर्यंत पोचला होता. संतोषभाऊ बाजूला जाऊन 'हो, हो' म्हणत राहिले आणि मग नीरजाबाईंकडे आले. मघाचा ताठा उतरला होता.

"मॅडम, काय केलं म्हणजे पुसाल?"

"त्यावर लिहिलंय ते खोटं करा. पहिली ओळ 'पेट्रोल नाही' अशी आहे. पेट्रोल आणा. मग कारणांना काही अर्थ उरत नाही. मी स्वतः पुसते."

"आता, लगेच?"

"मला घाई नाही. माझी गाडी बंद आहे."

संतोषभाऊंनी चार फोन केले. कोणी कोणाला काय सांगितले ते कधी बाहेर आले नाही. पण चार दिवस आजारी असलेला टँकरचा चालक पाऊण तासात बरा झाला, डेपोतली दुरुस्ती संपली, आणि बद्रीनाथने न लावता कंपनीचा फोन आला. पलीकडचा आवाज अत्यंत आदराने विचारत होता, की फळा अजून दोरीपाशीच आहे का.

सव्वा वाजता चौकात हॉर्न ऐकू आला. टँकर वळणावर दिसला तेव्हा रांगेतल्या लोकांनी आपापल्या गाड्या मागे ओढून त्याला वाट करून दिली. एरवी या रस्त्यावर रुग्णवाहिकेलाही इतकी झटपट वाट मिळत नसे. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सत्यशीलाताईंच्या ढोलवाल्याने कोणाला न विचारता ढोल वाजवला. बद्रीनाथने मफलर सोडून कमरेला बांधला आणि पंपाचा नळ स्वतः हातात घेतला.

"पहिली मॅडमची गाडी," तो म्हणाला. एवढ्यापुरता त्याचा आवाज फुटला. रांगेतल्या पहिल्या माणसाने स्वतः जाऊन स्कूटर ढकलत आणली.

टाकी भरून झाल्यावर नीरजाबाई ठरल्याप्रमाणे फळ्याकडे गेल्या आणि त्यांनी डस्टर नाही म्हणून बद्रीनाथकडून फडके घेतले. पहिली ओळ पुसली, तोच मागून आवाज आला.

"मॅडम, थांबा ना एक मिनिट. पाचवा मुद्दा उतरवून घ्यायचाय."

अक्षता होती. तिच्याबरोबर आणखी सात-आठ जण कागद पेन घेऊन उभे होते आणि त्यांतले निम्मे तरी पन्नाशीच्या पुढचे होते. नीरजाबाईंचा हात तसाच थांबला. एकतीस वर्षांत त्यांना फळा पुसताना कोणी अडवले नव्हते. "घ्या," त्या म्हणाल्या, "सावकाश घ्या," आणि फडके हातात धरून बराच वेळ दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या.

रविवारी शहरातल्या सव्वीस पंपांवर फळे लागले. प्रत्येक मॅनेजरला एवढेच कळले होते, की फळा लावला की टँकर येतो. संध्याकाळी, मतदान होईपर्यंत सर्व पंपांना पूर्ण पुरवठा करण्याचे आदेश निघाले. तोटा नंतर कोण भरणार, याचा आदेशात उल्लेख नव्हता. नीरजाबाईंनी तो प्रश्न अकरावीच्या वर्गाला मोबाईलवरच्या गटावर घरी सोडवायला दिला आणि सोमवारी सकाळी चापूनचोपून साडी नेसून निवडणूक कार्यालयात हजर झाल्या. पर्समध्ये लेखी खुलासा होता, पेट्रोलच्या पावतीसह.

देवधर एका मोठ्या टेबलाशेजारी उभे होते. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी खुलासा वाचला नाही. त्या अहवाल वाचत होत्या.

"बर्वेबाई, आपण प्रशिक्षणाला गैरहजर होतात."

"हो."

"आणि देवधरांनी लिहिलंय, की अडीचशे लोक, दोन पक्ष आणि एक खातं समोर असताना आपल्या मजकुरात आचारसंहितेच्या दृष्टीने एकही आक्षेपार्ह शब्द त्यांना सापडला नाही. देवधरांना सापडला नाही, हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडलंय." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "फलकांच्या तक्रारींचा कालपासून पाऊस पडलाय. मजकूर वाचून कळणारं माणूस आमच्याकडे नाही. आपलं मतदान केंद्राचं काम रद्द केलंय. आजपासून आपण भरारी पथकात."

दुपारी पांढऱ्या जीपमध्ये नीरजाबाई पुढच्या सीटवर होत्या आणि देवधर मागे, व्हिडिओवाल्याशेजारी. पहिली तक्रार स्वारगेटजवळच्या एका पंपाची होती. तिथे टँकर येऊन गेला होता तरी मॅनेजरने फळा उतरवला नव्हता. आणखी एक येईल अशी त्याला आशा होती. पथक पाहून तो घाबरून फळ्याच्या आड उभा राहिला.

नीरजाबाईंनी त्याला बाजूला केले आणि फळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पाचही मुद्दे होते. हात वर करण्याची सूचनाही होती. त्यांनी चौथ्या मुद्द्यापाशी बोट ठेवले, पर्समधून खडू काढला, एक अक्षर बोटाने पुसून पुन्हा लिहिले आणि मागे सरून पाहिले.

"मॅडम, अहवालात काय घेऊ?" देवधरांनी पेन उघडून विचारले.

"लिहा," नीरजाबाई म्हणाल्या, "आक्षेपार्ह एक वेलांटी आढळली. ती जागेवरच ऱ्हस्व करण्यात आली."